पुरळ उठले म्हणजे वावडेच का?

तापलेल्या मुलाला अॅमॉक्सिसिलिन दिले, पाचव्या दिवशी अंगावर पुरळ उठले, आणि कागदावर ‘पेनिसिलिनची अॅलर्जी’ अशी नोंद झाली. तीच पुढे शाळेच्या आरोग्यपत्रकावर उतरते. मग साध्या दुखण्यालाही महागडी, अधिक व्यापक प्रतिजैविके दिली जातात आणि त्यांना दाद न देणारे जंतू वाढतात. ही नोंद कितपत खरी असते? मॉन्ट्रियलच्या बालरुग्णालयातील संशोधकांचा २०१६ सालचा निबंध याच प्रश्नाला भिडतो.

अशी शंका असलेल्या ८१८ मुलांना त्यांनी देखरेखीखाली तेच औषध पुन्हा दिले. आधी मात्रेचा दहावा भाग, थोड्या वेळाने उरलेला. ७७० मुलांना काहीही झाले नाही. १७ जणांना लगेच सौम्य त्रास झाला, ३१ जणांना उशिरा. मग आधीचे पुरळ कशाचे? पुष्कळदा ज्या विषाणूने ताप आणला, त्याचेच. (विषाणूवर प्रतिजैविक चालतच नाही, हा आणखी निराळा मुद्दा.) कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, इतकेच.

आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्वचाचाचणीचा भाग. लगेच त्रास झालेल्या १७ जणांपैकी एकाच मुलात ही चाचणी होकारार्थी आली! सुई टोचली म्हणजे निदान पक्के, असे मानणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मात्र निबंधात एक कच्चा दुवा आहे. औषध एकच दिवस दिले गेले. उशिरा येणारे पुरळ पेशींच्या संथ प्रतिसादातून येते. त्याला अनेक दिवसांची मात्रा लागू शकते. चाचणीत निर्दोष ठरलेल्यांपैकी ५५ मुलांनी पुढे आजारपणात हे औषध पूर्ण घेतले, तेव्हा ६ जणांना पुरळ आलेच. पण ते औषधाचे की त्या वेळच्या आजाराचे? मूळ शंका इथे पुन्हा दारात उभी राहते. निरोगी असताना काही मुलांना औषध आणि काहींना तशीच दिसणारी निरुपद्रवी मात्रा अनेक दिवस दिली असती, तर उत्तर मिळाले असते. तसा तुलनेचा गट इथे नाही.

हा प्रयोग अर्थातच घरी करायचा नाही. श्वास अडकला, ओठ सुजले किंवा कातडी सोलली असेल, तर नोंद खरी मानूनच चालावे. इतरांच्या बाबतीतही डॉक्टरांनी तपासेपर्यंत ती पाळावी. शिक्षकांनी पालकांना एवढे विचारावे: औषध कोणते, त्रास कितव्या दिवशी, मात्रेनंतर किती वेळाने, आणि नेमके काय दिसले? आरोग्यपत्रकावरच्या ‘होय/नाही’च्या चौकटीत यातले काहीच मावत नाही.