'बर्ह', 'कास्टेल' आणि वॉरिकची टेकडी

इंग्लंडमधील मातीच्या दुर्गांचे निर्माते कोण, हा वाद वरवर पाहता पुरातत्त्वाचा वाटतो. परंतु त्याचे मूळ एका शब्दाच्या अर्थात आहे. वॉरिकच्या किल्ल्यातील मातीची उंच टेकडी आजही एथेलफ्लेडाच्या नावाने ओळखली जाते. मर्सियाच्या या स्वामिनीने ९१४ साली तेथे 'बर्ह' उभारल्याची नोंद अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात आहे. 'बर्ह' म्हणजेच अशी टेकडी, हे समीकरण जी. टी. क्लार्क यांनी १८८४ च्या ग्रंथात मांडले आणि ते बराच काळ निमूटपणे स्वीकारले गेले.

एला आर्मिटेज यांनी 'द अर्ली नॉर्मन कॅसल्स ऑफ द ब्रिटिश आयल्स' (१९१२) या ग्रंथात ते मोडीत काढले. त्यांच्या युक्तिवादाचे बळ शब्दार्थात आहे. 'बर्ह' म्हणजे तटबंदीने वेढलेली जागा, बहुधा सबंध नगर, टेकडी नव्हे. परकीयांनी हेरफर्डशायरमध्ये बांधलेल्या दुर्गाविषयी १०५१ च्या सुमारास लिहिताना इतिवृत्तकार 'कास्टेल' हा शब्द योजतो. बायबलच्या भाषांतरात तो पूर्वी 'गाव' या अर्थी आला होता. दुर्ग या अर्थी मात्र तो नवाच. घरात असलेल्या वस्तूसाठी कोणी परका शब्द शोधीत नाही. वॉरिकचा दुर्ग विल्यमने १०६८ साली उभारला, आणि टेकडी त्याचीच मानणे सयुक्तिक आहे.

तथापि लोकांचा 'बर्ह' आणि सरंजामदाराचा खाजगी 'कॅसल' हा आर्मिटेज यांचा भेद फार काटेकोर आहे. अकराव्या शतकारंभीच्या एका सॅक्सन लेखात 'बर्ह-गेट', म्हणजे बर्हचे प्रवेशद्वार, हे 'थेन' या सरदाराच्या दर्जाचे लक्षण म्हणून सांगितले आहे. अर्थात खाजगी बर्ह होते. (आपली 'गढी' या अर्थाच्या बरीच जवळ जाते; टेकडीला मात्र तो शब्द लावू नये.) शिवाय शब्द मातीचे वय सांगत नाहीत. फ्रेंचमधील 'मोट', म्हणजे टेकाड, इंग्रजीत 'मोट' होऊन खंदकाचा वाचक बनला! मार्लबरो येथील टेकडीवर नॉर्मनांचा दुर्ग होता. पण तिच्यातील कोळशाच्या किरणोत्सारी कार्बन-चाचणीने २०११ साली तिचा काळ इ. स. पू. २४०० च्या सुमाराचा ठरला.

१९७९ च्या कायद्यान्वये संरक्षित स्मारकाची माती शासनाच्या संमतीवाचून उकरता येत नाही, आणि हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे मातीची साक्ष क्वचितच निघते. तोवर पाहणाऱ्याला नावच इतिहास सांगत राहते. वॉरिकला ते विजेत्याच्या दुर्गाला जितांच्या स्वामिनीचे स्मारक ठरविते. रूढ झालेले ते नाव पुसण्याचे कारण नाही. त्याच्याशेजारी १०६८ हा आकडा मात्र ठळक अक्षरांत हवा.