‘अपोकोलोकिंतोसिस’ : नांव आणि साक्ष

रोमचा बादशहा क्लॉडियस इ. स. 54 सालीं मरण पावला व सेनेटनें त्यास देव ठरविलें. त्या देवत्वाची विटंबना करणारी, गद्यपद्यमिश्रित असल्यामुळें आपल्या चंपूची आठवण देणारी एक छोटी लॅटिन कृति सेनेकाच्या नांवावर आहे. तीस अभ्यासक ‘अपोकोलोकिंतोसिस’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. ‘अपोथिओसिस’ म्हणजे जो देव नव्हता त्यास देव करणें. त्याच सांच्यांत ‘कोलोकिंते’ म्हणजे भोपळा बसविला आहे. अभूततद्भावाचा च्वि-प्रत्यय लावून ‘अलाबूकरण’ म्हटलें कीं संस्कृतज्ञास थट्टा तत्काळ कळते. इंग्रजी भाषांतरांतील लाल भोपळा मात्र येथें चालणार नाहीं; तो अमेरिकेचा, रोमनांस अज्ञात. दुध्याच्या जातीचाच घ्यावा. आपल्या शाळांतील शून्याचा भोपळाही येथें ओढून आणूं नये!

अडचण अशी कीं, उपलब्ध संहितेंत भोपळा कोठेंच नाहीं. देवसभेंत ऑगस्टस क्लॉडियसविरुद्ध बोलतो, त्याची पाताळांत रवानगी होते, बूड नसलेल्या पेल्यानें फांसे खेळण्याची शिक्षा मिळते, आणि अखेर तो एका मुक्त गुलामाचा कारकून होतो. हें नांव पोथ्यांतही नाहीं. सेंट गाल येथील पोथी ‘अपोथिओसिस’ म्हणते. प्रचलित नांव दीडशें वर्षांहून अधिक काळानंतर लिहिणाऱ्या डिओ कॅसियसकडून आलें. भोपळ्याचा प्रसंग शेवटीं गळाला असावा, हा तर्क मला पटत नाहीं. बादशहाचा कारकून झाला, यापुढें सांगावयाचें काय उरतें? विनोद नांवांतच पुरा झाला आहे.

परंतु इतिहासाचें साधन म्हणून ही निंदा किती घ्यावी? सेनेका 41 ते 49 पर्यंत क्लॉडियसच्या कारकीर्दींत कॉर्सिका बेटावर हद्दपार होता. तेथून त्यानें त्याच बादशहाची स्तुति केली. अंत्यविधीच्या वेळीं नीरोनें वाचलेलें गौरवाचें भाषणही, टॅसिटसच्या सांगण्याप्रमाणें, सेनेकाचेंच. असा साक्षीदार कोण मानील? तरी त्याचे आंकडे पाहावे. मारलेले सेनेटर तो 35 देतो, अश्ववर्गीय 221. सुएटोनियसही सेनेटर 35 च सांगतो. अश्ववर्गीय मात्र 300 हून अधिक. म्हणजे आरोपपत्र हवेंतलें नाहीं. गॉल, ब्रिटन आदि परक्यांस नागरिकत्व वाटल्याची कुचेष्टा निराळ्या प्रकारची आहे. आपण बखर अस्सल पत्राशीं ताडतों, तसें ती 1528 सालीं ल्यों येथें सांपडलेल्या कांस्यपटाशीं ताडावी. गॉलच्या प्रमुखांस सेनेटांत घ्यावें म्हणून क्लॉडियसनें केलेलें भाषण त्यावर कोरलेलें आहे. भाषण पाल्हाळिक आहे खरें. पण सेनेका ज्यास हंसला तें धोरण त्यांत विचारपूर्वक मांडलेलें दिसतें.