गळका नळ आणि क्रांती चौक

जठर किंवा आतड्यातील कर्करोगाच्या गाठीतून रक्त वाहू लागले आणि दुर्बिणीतून केलेल्या उपायांनी ते थांबले नाही, तर बहुधा जांघेतील धमनीतून बारीक नळी आत सरकवून रक्ताची वाट आतूनच बंद करतात. ही पद्धत समजावताना एक उपमा हमखास येते : गळका नळ बंद करणे. उपमा सोपी आहे. पण आमच्या मते ती अपुरी आहे आणि रुग्णाच्या घरच्यांची दिशाभूल करणारीही आहे.

तिचा गुण आधी सांगू. नळी, दाब, गळती, बूच हे शब्द मुलांच्या ओळखीचे असतात. 1972 साली अमेरिकेतील योसेफ रोश, चार्ल्स डॉटर व सहकाऱ्यांनी जठरातील रक्तस्रावावर रुग्णाच्याच रक्ताची गुठळी धमनीत सोडल्याचे प्रसिद्ध केले. आज जिलेटिनचे तुकडे, सूक्ष्म कण, धातूची वेटोळी किंवा वैद्यकीय गोंद वापरतात. इथवर बुचाची कल्पना ठीक आहे.

परंतु नळाला पाणी एकाच बाजूने येते. धमन्यांचे तसे नाही. छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक डोळ्यांसमोर आणा. जालना रस्ता एका बाजूने अडवला, तरी पैठण गेट आणि उस्मानपुऱ्याकडून वाहने चौकात येतच राहतात. जठरालाही अशा अनेक धमन्या रक्त पुरवतात. म्हणून एक बंद केली तरी जठर सहसा जगते. आणि म्हणूनच रक्तस्राव पुन्हा सुरूही होऊ शकतो. उलट, आतड्याच्या भिंतीत शिरणाऱ्या शेवटच्या धमन्या बंद गल्लीसारख्या असतात. तेथे जास्त अडवले, तर तेवढी भिंत रक्तावाचून मरते.

दुसरा दोष असा की नळाची गळती दिसते. गाठीतून रक्त मात्र थांबून थांबून वाहते. धमनीत सोडलेले द्रव्य क्ष-किरणांच्या चित्रात बाहेर झिरपताना दिसण्यासाठी मिनिटाला साधारण अर्धा मिलिलिटर रक्त वाहत असावे लागते. चित्रात काही दिसले नाही, एवढ्यावरून रक्त थांबले असे म्हणता येत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. नळ दुरुस्त झाला की काम संपते. येथे गाठ तशीच राहते. मिळतो तो वेळ : रक्त चढवून रुग्णाला सावरण्यासाठी आणि शस्त्रक्रिया, औषधे वा किरणोपचार ठरवण्यासाठी. 'बरा झाला' असे समजून पुढचे उपचार सोडणे आणि 'कर्करोग जात नाही, मग हे कशाला?' म्हणून हा उपायच नाकारणे, या दोन्ही चुकांना ही उपमा खतपाणी घालते.

शिक्षकांनी फळ्यावर चौक काढावा आणि कोणता रस्ता अडवला तर काय होईल, हे मुलांना विचारावे. मग चौकाची उपमा कोठे तुटते, हेही विचारावे. वाहनचालक वाट निवडतो. रक्त दाबाप्रमाणे वाहते. उपमेची मर्यादा ओळखली, तरच ती विज्ञान शिकवते.