लोअर परळ, २००१

शहर झपाट्याने बदलू लागले की त्याच्या जुन्या रूपाची चित्रे वाढतात. मुंबईचेच पाहा. इराणी हॉटेलातील खुर्ची, डबलडेकर बस, फोर्टातील कमानी यांची रेखाटने आता दिनदर्शिकांवर, कपांवर, कापडी पिशव्यांवर मिळतात. त्यांत कसब असते, मायाही असते. पण जे देखणे होते तेवढेच त्यांत उरते, आणि ते का गेले हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

सुधीर पटवर्धन यांचे काम याच ठिकाणी वेगळे ठरते. १९४९ साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन पेशाने रेडिऑलॉजिस्ट. ठाण्यात त्यांनी वैद्यकीय व्यवसाय केला आणि चित्रकला स्वतःची स्वतः शिकले. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) त्यांनीही रंगवले, पण त्यात महत्त्व हॉटेलच्या सामानाला नाही, माणसाला आहे. त्या काळातील त्यांच्या चित्रांत कष्टकरी माणूस जवळून दिसतो, अंगापिंडाने भरीव, जागा अडवून बसलेला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि बहुतेकांना गिरणीत परतता आले नाही. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरवली: ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाकडे घरांसाठी, उरलेली मालकाकडे. २००१ मध्ये नियम बदलला. ही वाटणी आता केवळ रिकाम्या जमिनीपुरती राहिली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला.

‘लोअर परळ’ हे पटवर्धनांचे चित्र त्याच २००१ सालचे. येथे दृष्टी उंचावर गेली आहे. गिरणगावाचा विस्तीर्ण पट समोर पसरतो, जुन्या वस्तीत नव्या इमारती घुसू लागल्या आहेत, आणि माणूस लहान झाला आहे. पूर्वीचा भरीव कामगार चित्रकाराने हरवला, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. कामगाराचे शहरातील स्थान जेवढे उरले होते तेवढेच चित्राने दाखवले. प्रमाण बदलणे हीच येथे नोंद आहे.

एक आक्षेप मात्र उरतो. उंचावरून शहर पाहण्याची सवय बिल्डरलाही असते, आणि तेवढ्या अंतरावरून कोणाचेही दुःख सुसह्य वाटू शकते. या चित्रापाशी तो धोका संपूर्ण टळतो असे मी म्हणणार नाही. पण बिल्डरच्या नकाशात जागा आधीच मोकळी झालेली असते. येथे ती अजून भरलेली आहे, दाटीवाटीची आहे.

म्हणून शहराच्या चित्राला विचारायचा पहिला प्रश्न काळाचा: ते वास्तू पडल्यावर काढले, की निर्णय होत असताना? पडल्यावर काढलेले चित्र बहुधा भिंत सजवते. होत असताना काढलेले साक्ष देते, आणि साक्षीदाराला कोणीतरी ऐकावे लागते. २००८–०९ च्या सुमारास पटवर्धनांनी समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांत फिरवले, ते याच जाणिवेने असावे. ज्यांचे परळ गेले त्यांच्या घरी हे चित्र नाही. निदान त्यांच्या वाटेवर तरी ते यायला हवे.