माघार घेता येते, पण कुठवर?

२७ फेब्रुवारी २०११, रविवार. गूगल कंपनीच्या जीमेल या ई-मेल सेवेच्या काही ग्राहकांनी आपली टपालपेटी उघडली, तर ती रिकामी होती. वर्षानुवर्षे जपलेली पत्रे दिसेनाशी झाली होती. पत्रे साठवणाऱ्या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती कंपनीच्या सर्व्हरवर बसवण्याचे काम चालू होते आणि त्या आवृत्तीतच एक चूक होती. ती लक्षात येताच काम थांबवून जुनी आवृत्ती परत आणण्यात आली.

या घटनेच्या दोन हकिकती वाचायला मिळतात. पहिली म्हणजे कंपनीचे एक वरिष्ठ अभियंता बेन ट्रेनॉर यांनी दुसऱ्याच दिवशी प्रसिद्ध केलेले छोटे टिपण. दुसरी ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ या पुस्तकातील. गूगलच्याच अभियंत्यांनी लिहिलेले हे पुस्तक २०१६ साली निघाले आणि ते इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. शिक्षकांनी या दोन्ही हकिकती वाचाव्यात असे मला वाटते. त्यांत जे सांगितले आहे त्यासाठी, आणि जे सांगायचे राहिले आहे त्यासाठीही.

ट्रेनॉर यांच्या टिपणाचा गुण असा, की ते चूक झाकत नाही. वाचकाच्या मनात येणारा प्रश्न ते स्वतःच विचारते: प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असताना पत्रे गेलीच कशी? उत्तर साधे आहे. सॉफ्टवेअरमधील चूक क्वचित अनेक प्रतींपर्यंत पोहोचते आणि इथे तसेच झाले. आपल्याला हे कार्बन कागदावरून समजेल. निकालपत्रक लिहिताना खाली दोन कार्बन घातले, तर वरचा कागद फाटला तरी खालच्या प्रती उरतात. परंतु ४५ च्या जागी ५४ लिहिले, तर तिन्ही प्रतींवर ५४ च उमटणार. प्रती वाढवल्याने हरवण्याचा धोका कमी होतो, चुकीचा नाही.

मग पत्रे परत आली कुठून? चुंबकीय फितींवरून. या फिती चालू यंत्रणेला जोडलेल्या नसतात, म्हणून बिघडलेले सॉफ्टवेअर त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले नाही. पुस्तक सांगते, की गूगलसारखी कंपनी अजून फिती वापरते हे कळल्यावर लोकांना आश्चर्य वाटले आणि गंमतही. मला मात्र या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा भाग हाच वाटतो. फीत संथ असते. दुसऱ्या केंद्रातील प्रत क्षणार्धात मिळते, फितीवरून पत्रे उतरवायला तास लागतात. पण जोडलेली नसणे हेच तिचे बळ आहे.

आता उणिवा. दोन्ही हकिकती वाचून सामान्य वाचकाचा असा समज होऊ शकतो, की जुनी आवृत्ती परत आणणे आणि पत्रे परत आणणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत. तसे नाही. सॉफ्टवेअर म्हणजे सूचनांचा संच. तो बदलून पूर्वीचा ठेवता येतो. परंतु त्या सूचनांनी पत्रांवर जे केले, ते सूचना बदलल्याने पुसले जात नाही. चमचा उलटा फिरवला म्हणून चहात विरघळलेली साखर वेगळी होत नाही, तसेच हे. आमच्या प्रयोगशाळेत एकदा मोजमापाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बिघडली म्हणून आम्ही जुनी परत बसवली. पाच मिनिटांचे काम! पण मधल्या रात्री नव्या आवृत्तीने लिहिलेल्या फाइली जुन्या आवृत्तीला वाचताच येईनात. ती रात्र पुन्हा मोजावी लागली.

जीमेलच्या बाबतीतही असा एक मधला काळ होता. कंपनीच्या सूचनेनुसार बाधित ग्राहकांना २७ तारखेच्या संध्याकाळी ६ पासून २८ च्या दुपारी २ पर्यंत (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ) पाठवलेली पत्रे बहुधा पोहोचलीच नाहीत. ती पाठवणाऱ्यांना तसे कळवले गेले. हे २० तास कोणत्याही फितीवर नव्हते. जे पेटीत आलेच नाही, त्याची प्रत कोण ठेवणार?

दुसरी उणीव आकड्याची. टिपण म्हणते, ०.०२ टक्के ग्राहकांना त्रास झाला. आकडा लहान दिसतो. पण तो कशाच्या ०.०२ टक्के, हे न सांगता दिलेला आहे. एक कोटी ग्राहक असतील तर ०.०२ टक्के म्हणजे २,००० माणसे. दहा कोटी असतील तर २०,०००. टक्केवारी शिकवताना फळ्यावर मांडावे असे हे उदाहरण आहे. शिवाय ज्याची पेटी रिकामी झाली, त्याच्यापुरते नुकसान शंभर टक्के होते.

तिसरी उणीव मला अधिक खटकते. पुस्तकात दुरुस्तीचे वर्णन समाधानाने केले आहे आणि ते समाधान रास्त आहे. तयारी आधीपासून होती, म्हणूनच पत्रे परत आणायला किती वेळ लागेल याचा अंदाज त्यांना देता आला. मात्र मूळ चूक नेमकी कोणती होती आणि ती चाचण्यांतून निसटली कशी, हे दोन्ही ठिकाणी कळत नाही. प्रयोग फसला तर तो कसा सावरला एवढेच लिहून आम्हां संशोधकांना थांबता येत नाही. का फसला तेही लिहावे लागते. त्याशिवाय दुसऱ्याला धडा मिळत नाही.

हा धडा आपल्या शाळांनाही हवा आहे. हजेरी, गुण, दाखल्यांच्या नोंदी आता संगणकावर असतात. नवी प्रणाली येते, तेव्हा ‘बॅकअप आहे ना?’ असे आपण विचारतो आणि ‘आहे’ ऐकून निश्चिंत होतो. विचारायला हवे ते वेगळेच. ती प्रत चालू संगणकापासून अलग आहे का? शेवटची कधी घेतली? आणि तिच्यावरून नोंदी परत उतरवून कोणी पाहिल्या आहेत का?

विद्यार्थ्यांसह एक प्रयोग करा. वीस ओळींची एक फाइल तयार करा, तिची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो काढून ठेवा. मग फाइलीत पाच ओळी वाढवा आणि सगळी फाइल पुसून टाका. आता ती परत आणा. किती मिनिटे लागली आणि किती ओळी परत आल्या, हे वहीत लिहायला सांगा. वीसच ओळी परत येतील. उरलेल्या पाचांचे काय करायचे, यावर वर्गात चर्चा होऊ द्या.