आश्रय आणि सदसद्विवेक : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारातील एक वाद

सुरक्षिततेच्या मोबदल्यात व्यक्तिस्वातंत्र्य सोडून द्यावे काय, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राच्या कक्षेत मांडला जातो. ख्रिस्ती परंपरेत मात्र तो त्याहून प्राचीन आहे. मिसरच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक अरण्यात भुकेले झाले तेव्हा त्यांना तेथील काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवले, असे ‘गणना’ या ग्रंथात सांगितले आहे. स्वातंत्र्याचा कंटाळा माणसाला प्रथम पोटातून येतो, हे त्या कथाकाराने अचूक हेरले होते. पुढे डोस्टोव्हस्कीने ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ (१८७९-८०) मध्ये याच प्रश्नाला धर्मपीठाच्या तोंडून उत्तर दिले. त्याचा वृद्ध धर्मन्यायाधीश ख्रिस्तालाच दोष देतो की, भाकर देण्याऐवजी माणसांवर स्वातंत्र्याचे ओझे लादून त्याने निष्ठुरपणा केला. ही कादंबरी पूर्ण होऊन तीनच वर्षे लोटली असताना इंग्लंडमधील एका मठाश्रमात हा प्रश्न काल्पनिक राहिला नाही. ‘द लेटर्स अँड करस्पॉन्डन्स ऑफ पंडिता रमाबाई’ हा ए. बी. शहा यांनी संपादित केलेला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रकाशित केलेला पत्रसंग्रह त्याचा पुरावा होय.

१८८३ साली रमाबाई वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या भगिनींकडे पोचल्या तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या काळात गेली होती. पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीही निवर्तले. सोबत दोन वर्षांची मनोरमा होती. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली. त्या वर्षीच्या २९ सप्टेंबरला रमाबाईंनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. इतक्या निराधार स्त्रीने मिळालेल्या आश्रयाची किंमत निमूटपणे मोजली असती तर तिला कोणी नावे ठेवली नसती. परंतु ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करणाऱ्या आणि भगिनींना मराठी शिकवून आपल्या निर्वाहाची भरपाई करणाऱ्या रमाबाई प्रथमपासूनच उपकाराचे रूपांतर व्यवहारात करू पाहत होत्या. हा तपशील किरकोळ वाटला तरी पुढील वादाची किल्ली त्यातच आहे.

वादाचे निमित्त अनेक वेळा क्षुल्लक असे. क्रूसावरील मजकूर लॅटिनमध्ये का असावा, संस्कृतात का नको, अशी विचारणा रमाबाई करतात. संस्कृत ही देवभाषा म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून त्यांना हवी असते. त्यांच्या शाकाहारात सिस्टर जेराल्डीन यांना जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसतो. १८८४ मध्ये चेल्टनहॅम येथे तरुण पुरुषांना शिकविण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांचे मत मागवून त्यास हरकत घेण्यात आली. आपल्या वडिलांनी किंवा पतीने ज्या गोष्टीला कधी मज्जाव केला नाही, त्याला इंग्रज ख्रिस्ती लोकांनी करावा याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले. ‘सनातनी’ हिंदुस्थान आणि ‘मुक्त’ इंग्लंड ही सोयीची जोडी या एका उत्तराने निरर्थक ठरते.

मूळ मतभेद अर्थातच सिद्धान्ताचा होता. त्रैक्य आणि अथानेशियन मतांगीकार बुद्धीला पटल्याखेरीज स्वीकारण्यास रमाबाई तयार नव्हत्या. मनोरमेला कळण्याच्या वयाआधी ते शिकवू नये, असाही त्यांचा आग्रह होता. स्वदेशातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे तसलेच जोखड आपण पत्करणार नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्यामागे पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा ध्वनी स्पष्ट आहे. रमाबाईंचे स्वातंत्र्य हे ख्रिस्ती शिकवणुकीवर बाहेरून आणलेले कलम नसून त्याच शिकवणुकीतून उगवलेले आहे. त्यांना केवळ ‘बंडखोर’ ठरविणारे वाचन म्हणूनच अपुरे पडते.

अभ्यासकांनी सिस्टर जेराल्डीन यांना बहुधा न्याय दिलेला नाही. गौरी विश्वनाथन यांच्या ‘आउटसाइड द फोल्ड’ (१९९८) या ग्रंथामुळे या पत्रांतील वासाहतिक सत्तासंबंध उजेडात आले, हे मान्य करावे लागेल. तरीही जेराल्डीन यांचा युक्तिवाद निव्वळ सत्तेचा नव्हता. स्वातंत्र्य म्हणजे नियमाचा अभाव नव्हे आणि आज्ञापालनाने आत्मा मोकळा होतो, ही त्यांची धारणा मठपरंपरेची होती व तिला मोठा वारसा होता. त्या स्वतः तशाच जगल्या. चूक झाली ती अन्यत्र. स्वेच्छेने घेतलेल्या व्रताचे बंधन त्यांनी आश्रितेच्या परिस्थितीवर लादले. व्रत घेणारी दार उघडे असताना आत येते, तर आश्रितेला बाहेर घरच नसते. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांना हा फरक उमगला होता, म्हणूनच त्या आज्ञेऐवजी युक्तिवादाने रमाबाईंशी बोलण्याचा सल्ला देत राहिल्या. गंमत अशी की ही पत्रे जतन केली, संकलित केली ती जेराल्डीन यांनीच. हट्टी शिष्येची नोंद म्हणून जपलेले कागद कालांतराने शिष्येची बाजू मांडू लागले.

रमाबाईंच्या भूमिकेची खरी कसोटी मात्र स्वदेशी लागली. आता आश्रय देणाऱ्या त्या होत्या. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले व पुढील वर्षी पुण्यास आलेले शारदा सदन धार्मिक तटस्थतेच्या वचनावर उभे होते. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी काही मुली येऊन बसतात, यावरून १८९३ मध्ये गहजब झाला. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. मुलीला स्वधर्म पाळण्याची मुभा आहे तशी आपल्या खोलीत येण्याचीही असावी, हा रमाबाईंचा बचाव तर्कदृष्ट्या बिनतोड होता. परंतु जिच्या अन्नवस्त्राचा भार एका व्यक्तीवर आहे, तिच्या पसंतीला निखळ पसंती म्हणता येईल काय? वाँटेजमध्ये हाच प्रश्न रमाबाईंनी जेराल्डीन यांना वेगळ्या शब्दांत विचारला होता.

१८९६-९७ च्या दुष्काळानंतर हा पेच अधिक तीव्र झाला. मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो भुकेल्या मुली केडगावला आल्या आणि तेथील मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था बनले. येथे भाकर आणि श्रद्धा एकाच हाताने दिली जात होती. जीव वाचविणे हे आधीचे कर्तव्य, हे कोणीही नाकारणार नाही. रमाबाईंनी स्वतः दुष्काळ भोगला होता, हेही विसरता येत नाही. पण धोंड्यांच्या भाकरी करण्यास ख्रिस्ताने नकार दिला, तो भुकेची पर्वा नव्हती म्हणून नव्हे. भाकरीच्या बळावर मिळालेली निष्ठा त्याला नको होती. हा भेद मुक्ती सदनात सदैव पाळला गेला असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

दुसऱ्या बाजूला, मुक्तीत मुलींना विणकाम, शेती, छपाई असे व्यवसाय शिकविले जात. रमाबाईंचा बायबलचा मराठी अनुवाद तेथील छापखान्यातच छापला गेला. स्वतःच्या हाताने मिळविणाऱ्या स्त्रीला आश्रयदात्याशी मतभेद परवडतो, हे रमाबाई मराठीचे धडे देऊन वाँटेजची खाणावळ फेडत असतानाच शिकल्या होत्या. या पत्रसंग्रहात रमाबाईंचा नकार पानोपानी ऐकू येतो. केडगावातील एखाद्या मुलीने रमाबाईंना दिलेला तसाच नकार ऐकण्यासाठी वाचकाला संग्रहाबाहेर जावे लागते.