उत्तेजनार्थ इतिहास

आमच्या तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयानं स्थानिक इतिहासावरच्या विद्यार्थी-प्रकल्पांना बक्षिसं वाटली. रात्रपाळी सुटल्यावर मी तसाच गेलो आणि मांडलेल्या सगळ्या फायली वाचल्या. पहिलं बक्षीस इनामदाराच्या वाड्याला. दुसरं देवळाच्या जीर्णोद्धाराला. आपल्या एका पोरानं महारवाड्याचा इतिहास लिहिला होता, त्याला उत्तेजनार्थ. वर परीक्षकांचा लाल शाईतला शेरा : विषय चांगला, लेखी पुरावा नाही, सांगोवांगीवर भर.

वाड्याचा प्रकल्प वाईट नाही. पोरीनं मेहनत केलीय. सनद वाचलीय, तुळया मोजल्यात, नकाशा काढलाय. पण चाळीस पानांत दगड कुणी वाहिले त्याची एक ओळ नाही. वाडा काय आपोआप उगवला? परीक्षकांना हा प्रश्न पडला नाही, कारण सनदेत तो नाही.

आता लेखी पुराव्याचं बघू. शिवेचा तंटा पडला की गाव कुणाला पुढं घालायचं? महाराला. शीव कुठनं जाते ते त्याच्या तोंडी साक्षीवर ठरायचं. त्या साक्षी लिहिलेले कागद आज इतिहासवाले दफ्तरातनं काढून पुरावा म्हणून छापतात. म्हणजे त्याचं बोलणं कारकुनानं उतरवलं तर पुरावा, आणि त्याच्या नातवानं उतरवलं की सांगोवांगी!

तरी दोस्तहो, आपल्या पोरालाही मी सोडणार नाही. पहिली बारा पानं बाबासाहेबांचं चरित्र, तेही पुस्तकातनं जसंच्या तसं. ते जगाला ठाऊक आहे, बाबा. तुझ्या गावचं सांग. महारकी 1874 च्या वतन कायद्यानं जखडली होती, बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, आणि ही कनिष्ठ वतनं अखेर 1958 च्या कायद्यानं गेली. मग तुझ्या गावातल्या हाडकी-हाडोळ्याचं काय झालं? ती जमीन आज कुणाच्या नावावर? जुने उतारे, फेरफार काढायला पाहिजे होते. ते कागद आपल्याच बाजूनं बोलले असते.

याहून मोठी चूक पुढं आहे. फायलीत एक वाक्य आहे : मेलेली ढोरं ओढणं 1956 साली धम्मदीक्षेबरोबर बंद झालं. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिघांना विचारलं होतं म्हणाला. एक म्हातारा म्हणतो, दीक्षेच्या आधीच सोडलं. दुसरा म्हणतो, त्याच साली. आणि एक आजी, तेव्हा दहा-बारा वर्षांची, ती म्हणते, आमच्या घरी पुढंही दोन पावसाळे ते मटण रात्रीचं लपून यायचं, भूक होती लेकरा.

आजीचं त्यानं गाळलं. का? "दादा, ते लिहिलं तर लोक हसतील."

मला झोप लागली नाही त्या दिवशी. परीक्षकानं जे गाळायला लावलं नव्हतं, ते आपण आपल्या हातानं गाळलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना दारोदार जाऊन विचारलं, तेव्हा 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' उभं राहिलं. तेही त्या बायांच्या बोलण्यावरच की. लाज वाटायची तर गावाला वाटू दे, ज्यानं ती भूक ठेवली.

पोरा, तिघांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहून धाड. आजीचं सगळ्यात आधी. पुढच्या अंकात चार पानं राखून ठेवलीत.